इंजिन चालू ठेवून चाक घासू नका

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

विषय: दुचाकीची ॲल्युमिनियमची चाके चमकवण्याविषयी पुरवणीत आलेला मजकूर

महोदय,

रविवारच्या पुरवणीत मोटारसायकलच्या काळवंडलेल्या चाकांना अर्ध्या तासात आरशासारखी चकाकी आणण्याच्या सहा युक्त्या आल्या होत्या. मी तो मजकूर उत्सुकतेने वाचायला घेतला, कारण धातूला बफिंग (फिरत्या कापडी चाकावर घासून चकाकी आणणे) आणि पॉलिश करणे हे माझे सव्वीस वर्षांचे काम. चौथ्या युक्तीपाशी आलो आणि पुढचे वाचवेना. गाडी मेन स्टँडवर घ्या, इंजिन चालू करून पहिला गिअर टाका, मागचे चाक आपोआप फिरत राहील, तुम्ही पॉलिश लावलेले कापड फक्त रिमवर धरून ठेवा, असे तिथे छापले आहे.

मी तेविसाव्या वर्षी नेमके हेच केले होते. कापडाचे लोंबते टोक चेनवर पडले. चेनची खालची बाजू मागच्या स्प्रॉकेटमध्ये, म्हणजे दातेरी चक्रात, शिरते तिथे ते ओढले गेले आणि त्याच्या मागोमाग माझ्या उजव्या हाताचे मधले बोट गेले. त्या बोटाचे पहिले पेर आज नाही. वाचणाऱ्याला वाटते, आपण वेळेवर हात मागे घेऊ. हात मागे घेता येत नाही. कापड बोटांभोवती गुंडाळलेले असते, कारण गुंडाळल्याशिवाय रिमच्या कडेला जोर बसत नाही, आणि ते सोडवण्याइतका वेळ चेन देत नाही. चेन झाकलेली असली तरी उघडे आरे आहेतच. फिरत्या आऱ्यात कापड अडकले की मनगटाला पीळ बसतो.

चाक हाताने फिरवावे. इंजिन बंद, किल्ली काढून खिशात, गिअर न्यूट्रल. एक वीत रिम घासायची, चाक थोडे पुढे ढकलायचे, पुढची वीत घ्यायची. वेळ लागतो हे खरे, पण या कामात चाक फिरवण्यात जाणारा वेळ अगदी किरकोळ असतो. खरा वेळ कुठे जातो ते पुढे लिहितो.

पत्र एवढ्यावर थांबवणार होतो. पण उरलेल्या पाच युक्त्यांमध्येही धातूचा विचार कुठे दिसला नाही. चाकावर नेमके काय चढले आहे हे एका ओळीतही सांगितलेले नाही. थेट काय लावायचे ते सांगितले आहे.

ॲल्युमिनियमला गंज चढत नाही असे सर्रास म्हटले जाते. लोखंडासारखा तांबडा, पापुद्र्याने सुटणारा गंज त्याला चढत नाही, हे बरोबर. पण ताजा कापलेला ॲल्युमिनियम हवेत आला की क्षणात त्याच्यावर ऑक्साइडचा थर तयार होतो. हा थर फक्त काही नॅनोमीटरचा, डोळ्यांना न दिसणारा. तो आतल्या धातूला जपतो. नुकत्याच पॉलिश केलेल्या, चेहरा दिसेल अशा चाकावरही तो असतोच, म्हणजे चकाकी त्याच्यामुळे जात नाही. आपण ज्याला ‘ऑक्सिडाइझ झालेले चाक’ म्हणतो तो पुढचा मामला आहे. मिठाचा अंश असलेले पाणी, समुद्राकाठची खारी हवा, ओला चिखल महिनोन्‌महिने बसून राहिला की त्यातले क्लोराइड तो जपणारा थर जागोजागी फोडते. तिथे धातू झिजतो, पांढरी भुकटी फुगून वर येते आणि तिच्याखाली टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडतात. भुकटी पुसली जाते, खड्डे राहतात. खडबडीत झालेला पृष्ठभाग प्रकाश विखरून टाकतो, म्हणून चाक राखाडी दिसते. मळ काढणे आणि पृष्ठभाग पुन्हा सपाट करणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि दुसरे काम कोणत्याही बाटलीतल्या द्रवाने होत नाही.

आरे असलेल्या चाकात निपलभोवती, म्हणजे आरा रिमला आवळणाऱ्या छोट्या नटाभोवती, पांढरे कडे दिसते, ते नीट बघण्यासारखे असते. तिथे दुसरा धातू ॲल्युमिनियमला चिकटून बसलेला असतो. मध्ये खारट पाणी साचले की दोघांची मिळून छोटी बॅटरी तयार होते आणि तिच्यात झिजतो तो ॲल्युमिनियम. बॅलन्सिंगसाठी लावलेल्या वजनांच्या खालीही हेच घडते.

कामाला हात घालण्याआधी चाक उघड्या धातूचे आहे, लॅकर (वार्निशसारखा पारदर्शक लेप) मारलेले आहे की ॲनोडाइझ केलेले, हे ओळखावे लागते. चाक धुऊन वाळवावे, व्हॉल्व्हजवळच्या आडोशाला पांढऱ्या कापडावर थेंबभर मेटल पॉलिश घेऊन रुपयाएवढी जागा घासावी. कापड लगेच काळे झाले तर धातू उघडा आहे. कापड स्वच्छच राहिले तर वर काहीतरी आहे. लॅकर असेल तर जुना झाल्यावर तो कडेने पिवळट होतो, पापुद्रे सुटतात, आणि खाली अळीने पोखरल्यासारख्या बारीक वळणावळणाच्या रेषा दिसतात. ओलावा आत शिरून धातू लॅकरखाली कसा झिजत गेला त्याची ती वाट असते. असा लॅकर अर्धवट ठेवून पॉलिश करण्यात अर्थ नाही, तो आधी पूर्ण उतरवावा लागतो. ॲनोडाइझ केलेल्या चाकाचा प्रश्न वेगळा. तिथे ऑक्साइडचा थर मुद्दाम विजेच्या साहाय्याने जाड वाढवलेला असतो, काही वेळा रंगवलेलाही. माणिक आणि नीलम मुळात ज्या ऑक्साइडचे स्फटिक आहेत त्याच ऑक्साइडचा हा थर. तो घासून काढला की चाकाचे कवच गेले, आणि घरी ते परत चढवता येत नाही. असे चाक फक्त सौम्य शाम्पूने धुवावे आणि वॅक्स लावून सोडून द्यावे. मजकुरात या फरकाचा उल्लेख नाही. एखाद्याने वाचून सोनेरी रंगाचे ॲनोडाइझ रिम घासायला घेतले असेल तर त्याला आता ठिपक्याठिपक्यांचे चाक मिळाले असेल.

दुसऱ्या युक्तीत कॉस्टिक सोड्याचे पाणी सांगितले आहे. ‘फेस येऊ लागला की मळ सुटतो आहे असे समजा’, हे वाक्य वाचून मला फार वाईट वाटले. तो फेस हायड्रोजनचा असतो. मळाशी त्याचा संबंध नाही. सोडा धातूच खात असतो. ॲल्युमिनियम हा आम्लातही विरघळतो आणि अल्कलीतही. त्याचा जपणारा थर टिकतो तो साधारण उदासीन पाण्यात. तीव्र अल्कली लावली की पाच मिनिटांत रिमचा रंग मेलेल्या राखेसारखा होतो. ओतीव अलॉय व्हील असेल तर आणखी एक गोष्ट घडते. अशा ओतकामाच्या एका नेहमीच्या मिश्रधातूत सुमारे ७ टक्के सिलिकॉन असते. ॲल्युमिनियम विरघळतो, सिलिकॉन मागे राहते आणि चाकावर काळी काजळी धरते. लोक ती मळ समजून आणखी सोडा ओततात.

आम्लाविषयी मजकुरात ‘चाक धुण्याचे कोणतेही तीव्र ॲसिड’ असे मोघम लिहिले आहे. या ‘कोणतेही’ शब्दाची मला खरी भीती वाटते. अशा काही द्रवांमध्ये हायड्रोफ्लोरिक आम्ल किंवा अमोनियम बायफ्लोराइड असते. ते कातडीवर पडले की सुरुवातीला फार झोंबेलच असे नाही. वेदना काही तासांनी सुरू होऊ शकते. तोपर्यंत फ्लोराइड आत उतरून शरीरातले कॅल्शियम बांधू लागलेले असते. असा द्रव अंगावर उडाला तर ताबडतोब भरपूर वाहत्या पाण्याने धुवावे आणि दुखण्याची वाट न बघता डॉक्टरांकडे जाऊन फ्लोराइडचे नाव सांगावे. त्यावर कॅल्शियम ग्लुकोनेटचे जेल लावतात. आमच्या बफिंग विभागात बिनलेबलच्या बाटलीतले काहीही वापरायला बंदी होती आणि मी ती आजही घरी पाळतो. सौम्य फॉस्फोरिक किंवा सायट्रिक आम्लाचा क्लीनर पांढऱ्या डागांवर चालतो, पण तोही गार चाकावर, सावलीत, थोडा वेळ, आणि मग भरपूर पाण्याने धुऊन. उन्हात तापलेल्या चाकावर तो वाळला की नवे डाग पाडतो.

आता मी ज्याला या कामाचा गाभा मानतो ते. चाक स्वच्छ झाले की पॉलिशच्या आधी ते तपासायचे.

माझ्या हातून एकदा उलट झाले आहे. ओळखीच्या एका तरुणाचे ओतीव चाक मी बफ करून दिले होते. इतके सुरेख झाले होते की तो ते दोन दिवस घरात ठेवून बघत बसला. नंतर दर तीन-चार दिवसांनी टायरमधली हवा उतरू लागली. सगळ्यांचा संशय व्हॉल्व्हवर. व्हॉल्व्ह बदलला, टायर बदलला. शेवटी पूर्ण चाकाला साबणाचे पाणी लावले तेव्हा एका दांड्याच्या मुळाशी, रिमला तो जिथे मिळतो तिथे, बारीक बुडबुड्यांची रांग उठली. केसाएवढा तडा. तो मी बफ करण्याच्या आधीपासून असणार, कारण त्याच बाजूला रिमची कडा किंचित आत दबलेली होती आणि ती मी पॉलिश करताना हाताने अनुभवली होती. मी थांबलो नाही. आणि माझ्याच कामाने तो तडा झाकला गेला होता. ॲल्युमिनियम मऊ धातू आहे. बफच्या दाबाखाली आणि उष्णतेत त्याचा पृष्ठभाग थोडा वाहतो आणि तड्याच्या तोंडावर धातूचा पातळ पापुद्रा ओढला जातो. म्हणूनच बफ केलेल्या ॲल्युमिनियमवर तडा शोधण्यासाठी रंगीत द्रव लावायचा असेल तर आधी तो पापुद्रा रसायनाने हलका खाऊन काढतात. हे मला माहीत होते आणि तरी मी आधी बघितले नाही. त्या मुलाला काही झाले नाही. चाक बदलले गेले. पण तो त्या चाकावर तीन महिने हिंडला होता, हा विचार मला अजून सुटलेला नाही.

तेव्हापासून माझी रीत ठरलेली आहे. चाक धुऊन, वाळवून, बॅटरीचा झोत पृष्ठभागाला जवळजवळ समांतर धरून दांड्यांची मुळे, हबभोवतीचा भाग, व्हॉल्व्हचे भोक आणि रिमच्या दोन्ही कडा बघायच्या. आऱ्यांचे चाक असेल तर प्रत्येक निपलभोवती बघायचे आणि प्रत्येक आरा पान्याने हलकेच टिचकावून आवाज ऐकायचा. सैल आरा बद्द वाजतो. शंका आली तर पॉलिश थांबवून चाक जाणकाराकडे. तडा घासून ‘काढायचा’ नसतो, आणि चाकाला वेल्डिंग करून त्यावर चकाकी चढवणे तर मी कधीच केले नाही.

यानंतर पेपर, म्हणजे घासायचा पॉलिश पेपर. पुरवणीत तारेची घासणी वापरायला सांगितली आहे. ती लोखंडाची असते. तिचे बारीक कण मऊ ॲल्युमिनियममध्ये रुतून बसतात, पहिल्या पाण्यात तांबडे होतात आणि त्या प्रत्येक कणाभोवती मघाशी सांगितलेली छोटी बॅटरी सुरू होते. लोखंडी वायर ब्रशचेही तेच. त्याऐवजी नायलॉनचा घासणारा पॅड आणि वॉटर पेपर (पाण्यात भिजवून वापरायचा पॉलिश पेपर) घ्यावा.

पेपर किती नंबरपासून सुरू करावा, असे तरुण मुले विचारतात. माझे उत्तर, जितका बारीक पुरेल तितका. नंबर जितका मोठा तितका पेपर बारीक. आधी ८०० ने एक वीत घासून बघा. खड्डे निघत असतील तर खाली जायची गरज नाही. निघत नसतील तर ६००, मग ४००. ३२० पर्यंत मी अगदी नाइलाज झाला तरच जातो. तिथून परत चढायचे: ४००, ६००, ८००, १०००, १५००, २०००. पेपर पाण्यात भिजवलेला, पाण्यात साबणाचा थेंब. प्रत्येक नंबरला घासण्याची दिशा बदलायची. ४०० रिमच्या आडवा चालवला असेल तर ६०० लांबीच्या दिशेने. मागच्या पेपरचा एकही आडवा चरा दिसेनासा होईपर्यंत पुढचा पेपर हातात घ्यायचा नाही. खरा वेळ इथे जातो, आणि तोही सगळ्यात पहिल्या पेपरमध्ये. निम्म्याहून अधिक मेहनत तिथेच संपते. ज्याने कंटाळून ४०० वरून थेट १५०० वर उडी मारली त्याला घासताना काहीच कळत नाही, कारण सगळे सारखेच राखाडी दिसते. चरे दिसतात ते शेवटी, आरसा उमटल्यावर. मग पुन्हा ६०० पासून. शिकाऊ मुलांना आमचे उस्ताद हे बोलून शिकवत नसत. एकदा पूर्ण तयार झालेला नग ट्यूबलाइटखाली धरायला लावत आणि स्वतः निघून जात.

ज्या जागेवर टायर बसतो तिथे मात्र पेपर जोराने चालवू नये. ट्यूबलेस टायरची हवा तिथल्या सपाटीवर टिकते. पांढरी भुकटी पॅडने काढावी आणि थांबावे. तसेच फार खोल खड्ड्याच्या मागे लागू नये. एका खड्ड्यासाठी आजूबाजूचा धातू उतरवत गेलात तर रिमला खोलगट चट्टा पडतो आणि चकाकीत तो खड्ड्याहून जास्त उठून दिसतो.

पॉलिशबद्दल थोडक्यात, कारण पेपर नीट झाला असेल तर ते सोपे आहे. मऊ सुती कापड, थोडे मेटल पॉलिश, हातभर जागा. कापड काळे होते. चाक चमकू लागल्यावरही काळे होतच राहते. अनेकांना वाटते अजून मळ निघतोय आणि ते तासन्‌तास घासत बसतात. तो मळ नसतो, बारीक सुटलेला धातू काळा दिसतो. प्रतिबिंबाची कडा स्पष्ट झाली की थांबावे. ड्रिल मशीनला कापडी बफ लावून काम करणाऱ्यांनी मशीन दोन्ही हातांनी धरावे, बफ रिमच्या काठावरून बाहेर पडेल अशा दिशेने फिरवावा; काठाकडे तोंड करून आत ढकलला की तो कडेला धरतो आणि मशीन हातातून उसळते. चष्मा आणि मास्क लावावा. ॲल्युमिनियमची कोरडी धूळ साचू देऊ नये, ती पेट घेते. ज्या ग्राइंडरवर लोखंड घासतात त्याच्या शेजारी तर नकोच. गंजाची धूळ आणि ॲल्युमिनियमची धूळ यांचे मिश्रण म्हणजे थर्माइट, ज्याने रुळांचे सांधे वितळवून जोडतात.

ब्रेकची डिस्क आधीच प्लास्टिकने झाकून घ्यावी. पॉलिश आणि वॅक्समध्ये तेलकट अंश असतो. डिस्कला किंवा पॅडला तो लागला तर पहिल्या वळणावर ब्रेक धरत नाही. टायरच्या रस्त्याला लागणाऱ्या भागावरही तो नको. पुरवणीत याबद्दल एक अक्षर नाही.

पॉलिश झालेला धातू उघडाच राहतो, म्हणून वॅक्सचा पातळ हात द्यावा आणि पावसात फिरून आल्यावर साध्या पाण्याने धुऊन कोरडे पुसावे. लॅकर मारण्याचा सल्ला मी आरशासारख्या पृष्ठभागावर देत नाही. इतक्या गुळगुळीत धातूला तो नीट धरत नाही, एका दगडाच्या टवक्यातून ओलावा आत जातो आणि त्या अळीच्या रेषा पुन्हा सुरू होतात.

सध्या माझ्याकडे थोरल्या भावाची गाडी आहे. भाऊ गेल्यानंतर ती नऊ वर्षे ताडपत्रीखाली उभी होती. पुढच्या चाकाला ३६ आरे आणि ॲल्युमिनियमचे रिम. ताडपत्री काढली तेव्हा रिमच्या खालच्या भागावर, जिथे ओल धरली होती, पांढरा थर नखाने खरवडून निघेल इतका जाड होता. आरे काढून रिम सुटे केले. फक्त पेपरकामाला अकरा संध्याकाळी लागल्या, त्यातल्या सहा एकट्या ४०० नंबरला. व्हॉल्व्हच्या डाव्या बाजूला चार खड्डे मी तसेच ठेवले आहेत, ते काढायला गेलो असतो तर रिम पातळ झाले असते. मागच्या आठवड्यात नवे आरे घालून चाक सरळ करून घेतले. आता मागचे चाक घ्यायचे आहे. नऊ बोटे पूर्ण आणि दहावे अर्धे अशा हातांनी ते होईल, घाई कसलीच नाही.

संपादक महोदय, माझी विनंती एकच आहे. येत्या रविवारी त्याच पानावर, त्याच आकाराच्या अक्षरांत, चौथी युक्ती मागे घेत असल्याचे छापावे. कॉस्टिक सोडा आणि आम्लाच्या ओळींचाही त्यात उल्लेख असावा. आतल्या पानावर कोपऱ्यात दिलेली दुरुस्ती ज्या मुलाने मूळ मजकूर कापून गाडीच्या सीटखाली ठेवला आहे त्याच्यापर्यंत पोहोचणार नाही. सुधारित मजकूर लिहायला माणूस हवा असेल तर मी विनामोबदला लिहून देईन, आणि कोणाला प्रत्यक्ष बघायचे असेल तर मागच्या चाकाचे काम पुढच्या महिन्यापासून सुरू होते आहे.

कळावे,
आपला नम्र,
एक निवृत्त बफिंग कारागीर